लेकीला 'जंपिंग जीन्स'वर रिसर्च करायचाय, पुढे पोटापाण्याचं काय?

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक टीवायला मायक्रोबायोलॉजी करतेय, तिला बॅक्टेरियातल्या जंपिंग जीन्सवर, म्हणजे डीएनएमधली आपली जागा सोडून दुसरीकडे उडी मारणाऱ्या जीन्सवर, रिसर्च करायचाय आणि तुमचं म्हणणं, फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायच्या कामाला, लागली तर महिन्याच्या महिन्याला पगार तरी येईल. काळजी रास्तच आहे, पण हा विषय म्हणजे नुसती हौस, हे मात्र मनातून काढून टाका.

आपल्याला जीन्स आईबापाकडून मिळतात, बॅक्टेरिया ते शेजाऱ्याकडूनही घेतात, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. एक बॅक्टेरिया अँपिसिलिनला न जुमानणारा, दुसरा स्ट्रेप्टोमायसिनला, दोघांना थोडा वेळ एकत्र ठेवायचं आणि दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरायचं. एकेकटा कुणीच वाढत नाही, पण दुसऱ्या दिवशी बघावं तर प्लेटवर कॉलनी आलेल्या, कारण प्लाझमिड नावाचं डीएनएचं कडं रेझिस्टन्सचा, म्हणजे औषधाला न जुमानण्याचा, जीन घेऊन एका पेशीतून दुसरीत गेलेलं असतं. असे जीन्स त्या कड्यावर पुष्कळदा जंपिंग जीन्सच नेऊन बसवतात. उत्क्रांतीला दरवेळी हजारो वर्षं लागत नाहीत ती अशी. एनडीएम-१ हा भारी अँटिबायोटिक्सनाही निकामी करणारा जीन असाच प्लाझमिडवर बसून देशोदेशीच्या हॉस्पिटलांत पोचलाय, म्हणजे बघा, हा प्रश्न थेट आपल्या आयसीयूपर्यंत येतो. आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी उड्या मारणारे जीन्स शोधले ते मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत, १९४० च्या दशकात, नोबेल मिळालं १९८३ ला!

आता पैशाचं स्पष्टच सांगते. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच-सहा, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, पर्मनंट नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा निघाली तर महिना ३७,००० फेलोशिप असते, पण परीक्षा अवघड आहे. घरावर कर्ज वगैरे असेल तर लेकीला आत्ताच मोकळेपणाने सांगा, नंतर नको. 'आधी दोन वर्षं क्यूसी, मग एमएस्सी' हे मात्र मला पटत नाही, एकदा अभ्यासाची सवय सुटली की परत पुस्तक धरणं जड जातं.

तिला आत्तापासून पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकायला लावा. या विषयातलं निम्मं काम कॉम्प्युटरवर चालतं, हजारो जीनोममधून प्लाझमिड आणि ट्रान्सपोझॉन (हेच ते जंपिंग जीन्स) शोधून काढायचे असतात, आणि उद्या पीएचडी नाही जमली तरी हे कौशल्य बायोइन्फर्मॅटिक्स (कॉम्प्युटरवर जीन्सचा अभ्यास) आणि डायग्नोस्टिक्स कंपन्यांत चालतं.

एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम या परीक्षेचा फॉर्म भरू दे. आणि पुण्यात राहून बाहेर कशाला बघायचं, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, आगरकर रोडला आघारकर इन्स्टिट्यूट, पाषाणला आयसर, तिन्ही संशोधन संस्थाच. सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी तिथल्या प्राध्यापकांना मेल टाकायला सांगा, फक्त 'रिस्पेक्टेड सर'वालं कॉपी-पेस्ट नको, त्यांचा एखादा पेपर नीट वाचून त्यातलाच एक प्रश्न विचारायचा. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी परत मेल करायचा, त्यांच्याकडे ढिगाने मेल येतात, त्यात असे बुडतात.