मॅडम, पोरगी खुन्यावर भाळलीय

"खुन्यांवरचे हे सिनेमे, मालिका बघून पोरं बिघडतात का?" हा प्रश्न माझ्या सांगलीतल्या, विश्रामबागच्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्याला एकदा तरी येतोच. एका आईने तो जरा वेगळ्या तऱ्हेने आणला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

"पोरीच्या मोबाईलवर एका खुन्याचा फोटो हाय, मॅडम. वर लाल बदाम. एखाद्या हिरोचा असता तर मी काय बोलले नसते वो."

खुनी म्हणजे अमेरिकेतला टेड बंडी. तीस खुनांची कबुली दिलेला; १९८९ मध्ये फ्लोरिडात त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला. फोटो मात्र त्याचा नव्हताच. २०१९ च्या चित्रपटात त्याची भूमिका करणाऱ्या झॅक एफ्रॉनचा होता. हे कळल्यावर आईचा जीव निम्मा भांड्यात पडला.

मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. दोन भेटी हाताची घडी घालून बसली. तिसऱ्या भेटीत तिनेच विचारलं, "तो खरंच देखणा होता, मॅडम. खटल्याला पोरी यायच्या त्याला बघायला. मग नट देखणा घेतला तर खोटं काय दाखवलं?"

मला उत्तर सुचलं नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. भावनेशी भांडत नाही, तिच्या पोटातलं वाक्य शोधते. इथलं वाक्य होतं, 'एवढा देखणा आहे, म्हणजे आत कुठेतरी चांगला असणार.' पण ते मीच सांगितलं असतं, तर तिने नुसती मान डोलावली असती.

पुढच्या वेळी एवढंच विचारलं, "बायका त्याच्याबरोबर जायच्या कशा गं?"

तिला सगळं पाठ होतं. जुलै १९७४, रविवार, वॉशिंग्टन राज्यातल्या एका तळ्यावर गर्दी. त्याचा हात झोळीत बांधलेला. होडी उतरवायला जरा मदत करता का, एवढंच विचारायचा. एका दिवसात दोघी गेल्या.

सांगता सांगता ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी पण गेले असते. आजी म्हणते ना, अडलेल्याला नाही म्हणू नये."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं या कामात सगळ्यात अवघड, आणि ते मला जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

मग तिने स्वतःच फोन काढला. तिने केलेलं अर्ध्या मिनिटाचं रील. हसू, कोट, टाय, मागे गाणं. दोनदा पाहून म्हणाली, "यात बांधलेला हात कुठंच नाही."

देखणेपण दाखवावंच, असं मला त्या दिवसापासून वाटतं. तेच त्याचं हत्यार होतं. पण ते कुणावर चाललं, हे गाळलं की प्रेक्षकही त्या तळ्यावरच उभा राहतो, हसून मदतीला निघालेला. आणि दाखवायचं तर ज्यांचं माणूस गेलं त्यांना आधी विचारावं. डाहमर या दुसऱ्या अमेरिकन खुन्यावरच्या २०२२ च्या मालिकेत बळी गेलेल्या एका तरुणाच्या बहिणीचा कोर्टातला आक्रोश हुबेहूब उभा केला. आपल्याला कुणी विचारलंही नाही, असं तिने नंतर सांगितलं.

तेव्हा आईबाबांनो, फोन हिसकावू नका, 'विकृत' हा शब्द तर घरात आणूच नका. शेजारी बसून बघा, आणि मध्येच विचारा, आत्ता कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? पोरं चिडतील. चिडू द्या.

रील तिने काढून टाकलं की नाही, मी विचारलं नाही. आई मात्र अजून फोन करून विचारते.