हुतात्माने नेहमी जाणार असशील तर

तू आता दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरहून पुण्याला जाणार आहेस, म्हणून याच गाडीचा जुना प्रवासी या नात्याने काही गोष्टी मनापासून सांगतो. गाडी भल्या सकाळी निघते. डब्यातील निम्मी माणसे पेंगत असतात आणि नेमके तेव्हाच कोणीतरी मोबाईलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावतो. हेडफोन घरी राहिला असेल, तर व्हिडिओही राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याला आवाज कमी करायला सांगताना मात्र दरडावू नये; “दादा, आजींचा डोळा लागलाय, आवाज जरा कमी करता का?” एवढे पुरते.

आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते, त्यामुळे शेजाऱ्याला कळणार नाही असे गृहीत धरून त्याच्याविषयी दुसऱ्या भाषेत बोलणे फार वाईट. माझ्यासमोर दोन तरुणांनी एका वृद्ध बाईंच्या गाठोड्यावरून तेलुगूत शेरा मारला, तेव्हा बाईंनी तेलुगूतच “घेते हं बाळांनो” म्हणत ते गाठोडे मांडीवर ओढून घेतले. दौंडपर्यंत त्या दोघांची मान वर झाली नाही, आणि मी गप्प बसलो याची खंत मला अजून आहे.

कुर्डुवाडीला उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. शेंगा खाल्ल्यास टरफले कागदात बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवावीत, बाकाखाली सरकवू नयेत.