व्यसन: बातमीतलं आणि घरातलं

प्रश्न : रोज पेपरात एमडी नाहीतर कोकेन पकडल्याची बातमी असते. सगळा देशच याच्या आहारी गेलाय का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : बातम्या खऱ्याच आहेत, सर. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखानाच सापडला तेव्हा आम्ही डॉक्टरही हादरलो होतो. पण पकडलेल्या मालावरून व्यसनाचा अंदाज बांधता येत नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात दारू पिणारे सुमारे 16 कोटी, भांग-गांजा-चरस घेणारे 3 कोटी 10 लाख आणि अफूच्या कुळातले पदार्थ घेणारे 2 कोटी 26 लाख निघाले. कोकेन घेणारे हजारात एक.

अफूच्या कुळात नुसती अफू नाही. गर्द, म्हणजे हेरॉइन आहे, आणि दुखण्यावरच्या काही गोळ्या अन् कोडीनचं खोकल्याचं औषधही आहे. ही चिकटतातही फार. घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला उपचारांची गरज होती. मला मात्र या अहवालातला वेगळाच आकडा छळतो. दारूवाचून राहू न शकणाऱ्या 38 जणांत एकालाच कुठलीतरी मदत मिळाली होती.

प्रश्न : आठवीतल्या मुलाच्या दप्तरात पंक्चरचं सोल्युशन आणि कडक झालेला रुमाल सापडला. आमच्याकडे सायकलसुद्धा नाही. मारू की पोलिसांत नेऊ? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, दोन्ही नको. तुमची शंका बरोबर असावी. रुमालाला थिनरसारखा वास येतो का, मुलाच्या नाकाओठांभोवती पुरळ आहे का, ते बघा. सोल्युशन, व्हाइटनर हुंगणं हा या सर्वेक्षणातला एकच प्रकार असा, की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत : 10 ते 17 वयात शेकडा 1.7, मोठ्यांत शेकडा 0.58. कारण उघड आहे. हे दहा-वीस रुपयांत दुकानात मिळतं आणि कुणी विचारत नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मुलगा हुंगताना दिसला तर ओरडू नका, मागे धावू नका. त्या अवस्थेत दचकलं किंवा पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जागीच जीव जाऊ शकतो. शांतपणे खिडकी उघडा, रुमाल काढून घ्या, शेजारी बसा. बोलणं नंतर, तो पूर्ण भानावर आल्यावर. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठे जायचं हे सुचत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

प्रश्न : भांग चालते, मग गांजा का नाही? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि राळ येते, म्हणजे गांजा आणि चरस. नुसती पानं त्यात येत नाहीत. भांगेचे नियम राज्यं ठरवतात. कायद्यातून सुटली म्हणून ती डोक्याला निर्धोक होत नाही.

प्रश्न : आई आठ वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलम घेते. हेही व्यसनच ना? उद्यापासून बंद करू? (एक मुलगी, ठाणे)

उत्तर : उद्यापासून अजिबात नको! एकदम तोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू, काही आठवडे ते महिने घेऊन डोस उतरवतात. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारूही अशी घरच्या घरी तोडू नये. आणि आईंना 'व्यसनी' म्हणू नका. जुनी चिठ्ठी दाखवून पाकीट मिळत गेलं, त्यांनी घेतलं. मालेगावात नशेसाठी 'कुत्ता गोळी' म्हणून विकतात ती बहुतेकदा हीच अल्प्राझोलम.

प्रश्न : भाऊ गर्द ओढतो. दवाखान्यात नेलं तर अटक होईल? (मुंबई)

उत्तर : एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, थोडा माल जवळ बाळगणारा व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. तेव्हा न्याच. टर्कीत, म्हणजे गर्द बंद केल्यावरच्या त्रासात, अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, त्यावर चांगली औषधं आहेत. बरा होऊन घरी आल्यावर त्याला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगा : शरीराची सवय आता मोडली आहे, पाय घसरून पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबेल. घसरलाच, तर लपवू नकोस, मला फोन कर, हेही त्याच दमात सांगा.