परदेशात असताना बेळगावच्या घरच्या जोडणीतून इंटरनेट वापरता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घर बेळगावात, घरी फायबरची जोडणी, एक जुना लॅपटॉप पडून आहे, आणि आपण दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला आहात. तिथे असताना फोनचा व लॅपटॉपचा सगळा इंटरनेट वापर बेळगावच्या घरातून फिरवून घेता येईल का, वेग किती मिळेल, आणि हे कायदेशीर आहे का?

फिरवून घेता येतो, आणि त्यासाठी दरमहा पैसे घेणाऱ्या व्हीपीएन कंपनीकडे (म्हणजे आपला वापर स्वतःच्या यंत्रांतून फिरवून देणाऱ्या कंपनीकडे) जाण्याचे कारण नाही. मात्र जोडणी उभी करणे हे एका संध्याकाळचे काम आहे. आपण सात हजार किलोमीटरवर आणि घरात फक्त आई-वडील असताना ती ऐन पावसाळ्यात चालू ठेवणे हे खरे काम आहे. म्हणून कोणते ॲप घ्यावे यापेक्षा घरची लाइन आणि घरातले यंत्र यांविषयी मी जास्त लिहिणार आहे. मी स्वतः टिळकवाडीतल्या घरी एक आणि खानापूर तालुक्यातल्या गावच्या घरी एक अशी दोन यंत्रे याच कामासाठी ठेवली आहेत, त्यामुळे पुढचे बरेचसे वापरातून कळलेले आहे.

आधी नेमके काय घडते ते पाहू. आपला फोन घरच्या यंत्रापर्यंत एक कूटबद्ध वाट तयार करतो, फोनची प्रत्येक मागणी त्या वाटेने बेळगावला येते, आणि घरचे यंत्र ती स्वतःच्या नावाने पुढे पाठवते. पत्र दुसऱ्या पाकिटात घालून घरी पाठवावे आणि घरच्यांनी आतले पाकीट बेळगावच्या टपालपेटीत टाकावे, म्हणजे त्यावर शिक्का बेळगावचा बसतो, तसाच हा प्रकार आहे. संकेतस्थळाला आपला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बेळगावच्या जोडणीचा दिसतो. (प्रत्यक्षात तो बेंगळुरू किंवा हुबळीचाही दाखवला जातो आणि जाहिराती कन्नडमध्ये येऊ लागतात, सीमाभागातल्या माणसाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.) यामुळे आपण अदृश्य होत नाही. जर्मनीतल्या हॉटेलच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवाल्याला आपण कोणती संकेतस्थळे पाहता ते कळत नाही, पण जे त्याला कळले असते ते आता बेळगावच्या इंटरनेट कंपनीला कळते.

वेगाबाबत बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण सगळे डाउनलोडचा आकडा पाहतात. घरातून फिरवलेल्या वापरात संकेतस्थळाची माहिती आधी आपल्या घरी उतरते आणि मग घरातून आपल्याकडे चढते. म्हणजे जर्मनीत आपल्याला मिळणारा वेग हा घरच्या अपलोडपेक्षा जास्त असूच शकत नाही. घरची योजना डाउनलोड १०० आणि अपलोड १० एमबीपीएसची असेल, तर आपल्या हाती १० च्या आतलाच वेग येईल. शहरातल्या फायबर योजनांत दोन्ही आकडे बहुधा सारखे असतात. गावाकडे केबलवाल्याकडून घेतलेल्या जोडणीत ते तसे असतीलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी वेगवेगळ्या वेळी अपलोड मोजून पाहा, विशेषतः रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. योजनेला महिन्याची डेटा मर्यादा असेल तर तीही विचारून घ्या, कारण एकच चित्रफीत घरच्या लाइनवर एकदा उतरताना आणि एकदा चढताना अशी दोनदा मोजली जाऊ शकते.

दुसरी गोष्ट अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सात हजार किलोमीटर जाऊन परत यायला सरळ रेषेतही ७० मिलिसेकंद लागतात. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत नसतात, वाटेत उपकरणे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा शंभराच्या बराच वर जातो. भारतातले संकेतस्थळ पाहताना याने फारसे बिघडत नाही, कारण तिथून मागणी भारतात यायचीच होती. पण म्युनिकमधल्या दुकानाचे पान पाहण्यासाठी मागणी बेळगावला येऊन परत म्युनिकला जाणे हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. म्हणूनच 'सगळा वापर फिरवावा का' याला माझे उत्तर 'नाही' असे आहे. भारतातली काही सरकारी संकेतस्थळे परदेशी पत्त्यावरून उघडत नाहीत, काही बँका परदेशी पत्ता पाहून अडवतात, काही कार्यक्रम फक्त भारतात दिसतात. तेवढ्यापुरती वाट सुरू करावी आणि काम झाले की बंद करावी.

आता जोडणीकडे येऊ. पहिली अडचण अशी की आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरे ठेवते. अशा घराकडे बाहेरून थेट येता येत नाही. आपली स्थिती ओळखणे सोपे आहे: राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा, जो पत्ता दिसतो तो आणि 'माझा आयपी कोणता' असे शोधल्यावर एखादे संकेतस्थळ दाखवते तो, हे दोन्ही जुळवून पाहा. ते वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १० या आकड्याने अथवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्यांच्या जोडीने सुरू होत असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहात. कंपनीकडे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे घराचा स्वतःचा न बदलणारा पत्ता, घेता येतो, पण एवढ्या कामासाठी तो खर्च करण्याची गरज नाही.

गरज नाही याचे कारण टेलस्केल. हे साधन घरचे यंत्र आणि आपला फोन या दोघांनाही बाहेरच्या बाजूने एका मध्यस्थाकडे नोंदवते आणि मग त्या दोघांची थेट गाठ घालून देते, त्यामुळे सामायिक पत्त्यामागचे घरही सापडते. घरच्या लॅपटॉपवर ते बसवायचे, त्याला 'एक्झिट नोड' (जिथून आपला वापर बाहेर पडतो ते यंत्र) म्हणून जाहीर करायचे, आपल्या खात्याच्या व्यवस्थापन पानावर त्याला मंजुरी द्यायची, आणि फोनमधल्या ॲपमध्ये तो नोड निवडायचा. वैयक्तिक वापराची योजना मोफत आहे. मंजुरीची पायरी पुष्कळ जण विसरतात आणि नोड यादीत का दिसत नाही म्हणून शोधत बसतात. यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली असेल तर याखेरीज आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राची वाहतूक पुढे पाठवण्याची सोय, हाताने सुरू करावे लागते. थेट गाठ जुळली नाही तर वाहतूक टेलस्केलच्या मधल्या रिले सर्व्हरवरून जाते. तेव्हाही ती कूटबद्धच राहते, ती उलगडण्याच्या किल्ल्या आपल्या यंत्रांतच असतात, पण वेग घसरतो. जोडणी थेट आहे की रिलेवरून हे टेलस्केलच्या स्टेटस आज्ञेत स्पष्ट लिहून येते.

यातला सर्वांत घातक तपशील बारीक आहे. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ली मूळ मांडणीत १८० दिवसांनी कालबाह्य होते आणि मग त्या यंत्रावर पुन्हा लॉगिन करावे लागते. आपण जर्मनीत, यंत्र बेळगावात, आणि लॉगिनचा पासवर्ड आपल्याकडे: म्हणजे आईला फोनवरून कळफलक शिकवणे आले. व्यवस्थापन पानावर घरच्या यंत्रासमोर किल्लीची कालमर्यादा बंद करण्याचा पर्याय आहे, तो निघण्याआधी वापराच.

कोणत्याही कंपनीचा मध्यस्थ नको असेल तर टेलस्केल ज्यावर उभे आहे ते वायरगार्ड थेट वापरता येते. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून ते गाभ्यातच आहे. त्यासाठी मात्र घराला सार्वजनिक पत्ता किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) असावे लागते आणि राउटरवर एक यूडीपी पोर्ट, म्हणजे वाहतुकीचे एक क्रमांकित दार, बहुधा ५१८२०, घरच्या यंत्राकडे वळवावे लागते. इथे एक गळती हमखास होते. फोनच्या मांडणीत फक्त आयपीव्ही४ ची सगळी वाहतूक या वाटेत घातली आणि आयपीव्ही६ चा उल्लेख राहिला, तर जर्मनीतली जोडणी आयपीव्ही६ देत असल्यास अनेक संकेतस्थळे त्या बाजूने सरळ उघडतात आणि त्यांना जर्मन पत्ताच दिसतो. 'वाट चालू आहे, तरी परदेशातच दाखवते' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

यंत्राविषयी. जुना लॅपटॉप या कामाला चांगला, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही अशी व्यवस्था करा, वायफायऐवजी राउटरपासून तार टाका, आणि बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा, कारण कायम चार्जरवर पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटऱ्या फुगतात. विंडोज ठेवणार असाल तर अपडेटनंतर यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होते आणि लॉगिनच्या पडद्यावर थांबून राहते. टेलस्केलमध्ये लॉगिन न करताही चालण्याचा पर्याय आहे, तो निवडा. माझे मत विचाराल तर लिनक्स टाकून मोकळे व्हा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेतला तर विजेचा खर्च नगण्य आणि वीज आली की तो आपोआप सुरू होतो, मात्र अचानक वीज जाऊन त्याचे मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका राहतो.

आणि वीज जाणारच. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या की करंट कधी येईल ते सांगता येत नाही. घरात इन्व्हर्टर असला तरी राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहेत का हे स्वतः पाहून घ्या. पुष्कळ घरांत टीव्हीमागच्या बोर्डाला इन्व्हर्टरची तार दिलेलीच नसते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस या दोन्ही डब्यांना काही तास पुरतो. त्यापुढे मात्र आपल्या हातात काही नाही: केबलवाल्याचा गल्लीतला डबा बंद पडला तर आपल्या घरी दिवे असूनही लाइन मेलेली असते.

म्हणून घरच्यांना फक्त दोन गोष्टी दाखवून ठेवा. फायबरच्या डब्यावर एलओएस असे लिहिलेला दिवा तांबडा झाला असेल तर दोष बाहेरच्या तारेत आहे, आपल्या कोणत्याही वस्तूला हात न लावता केबलवाल्याला फोन करायचा. तो तांबडा नसेल आणि तरी इंटरनेट नसेल, तर राउटरचे बटण बंद करून थोड्या वेळाने चालू करायचे. माझी आई फोनवर 'तांबडा लागलाय बघ' एवढेच सांगते आणि त्यावरून मला निम्मे निदान झालेले असते. लॅपटॉपवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी मराठीत आणि, घरकामाला येणाऱ्या बाईंना कन्नडच वाचता येत असेल तर, कन्नडमध्येही चिकटवा. झाडलोट करताना प्लग काढला जाणे हे मी सांगितलेल्या सगळ्या कारणांपेक्षा जास्त वेळा घडते.

ही वाट काय करू शकत नाही तेही सांगतो. ओटीपी सिमवर येतो, पत्त्यावर नाही. भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग वेगळे सांभाळावे लागेल. यूपीआय ॲप सिम तपासते, त्यालाही याचा उपयोग नाही. जे ॲप फोनच्या जीपीएसवरून ठिकाण विचारते त्याला आपण जर्मनीतच दिसाल. कार्यालयाच्या लॅपटॉपवर, आपण बेळगावात बसून काम करत आहात असे भासवण्यासाठी, हा उपाय अजिबात करू नका. तो तांत्रिक नव्हे, नोकरीच्या कराराचा प्रश्न आहे.

कायद्याबाबत: स्वतःच्या घरच्या यंत्रातून स्वतःसाठी काढलेली वाट वापरण्यास भारतात सर्वसाधारण बंदी नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांत ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याचे बंधन आहे, ते लोकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. पण याचीच दुसरी बाजू लक्षात घ्या. घरची जोडणी बहुधा वडिलांच्या नावावर असते आणि त्या वाटेने जे काही बाहेर पडेल ते नोंदीत त्यांच्या नावे जाईल. तिथले मित्र 'आम्हालाही सामने पाहायला दे' म्हणून मागतील; त्यांना नोड देऊ नका, आणि आपल्या खात्यावर दुहेरी पडताळणी लावा, कारण त्या खात्यात शिरणारा माणूस आपल्या घराच्या अंतर्गत जाळ्याच्या उंबरठ्यावर येतो.

निघण्यापूर्वी चाचणी घरात बसून करू नका. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, शक्य तर कोल्हापूर किंवा पणजीला गेलेले असताना करा, आणि तिथूनच घरी फोन करून मेन स्विच खाली ओढायला सांगा. वीज परत दिल्यावर कोणाचाही हात न लागता नोड यादीत पुन्हा हिरवा झाला, तर व्यवस्था तयार झाली असे समजा. नाही झाला, तर जे अडले ते विमानात बसण्याआधी दुरुस्त करा. गावी किंवा चुलत भावाच्या घरी दुसरी, वेगळ्या कंपनीची जोडणी असेल तर तिथेही एक यंत्र बसवून ठेवा. त्याच खात्यात दोन नोड राहतात आणि एक पडला की फोनवर दुसरा निवडता येतो.