लातूरला जुनं रो-हाऊस बघायला जाताना काय विचारायचं, काय तपासायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: लातुरात बारा वर्षांपूर्वीचं रो-हाऊस रविवारी बघायला जायचंय, मालक ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणतोय, मग नेमकं काय बघायचं? फरशी, किचन ट्रॉली आणि रंग सगळ्यात शेवटी बघा. आपल्याकडं घर टिकतं की बसतं, हे काळी माती आणि पाणी ठरवतात.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळं पहिला प्रश्न: पाया किती फुटांवर घेतला आणि मुरूम लागला होता का? कॉलमचे खड्डे मुरमापर्यंत गेलेले हवेत, भिंती प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या आडव्या बीमवर) हव्यात. मालकाला सांगता येत नसेल तर गल्लीत कुठं बांधकाम चालू असेल तिथल्या मिस्त्रीला विचारा, त्या भागात मुरूम किती खोल लागतो हे त्याला पाठ असतं.

मग भेगा. बीमच्या खाली आडवी किंवा कॉलमच्या कडेनं उभी सरळ रेघ असेल तर ती बहुतेक वेळा वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्याची असते, तिला घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र नीट बघा. ती आतून-बाहेरून एकाच जागी असेल आणि रुपयाचं नाणं तिच्यात उभं शिरत असेल तर पाया हलल्याची शंका धरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं बोलू नका. या भेगा एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात, म्हणून ऑगस्टमध्ये घर ठणठणीत दिसतं. मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारा, पुट्टीनं बुजवलेला पट्टा लगेच उठून दिसतो. दारांच्या वरच्या कडेलाही हात लावा. रंधा मारून तासलेली असेल तर चौकट कधीतरी तिरपी झाली होती. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची फरशीची पट्टी) आणि फरशीमध्ये फट असेल तर भराव नीट दाबलेला नाही.

घर कॉलमचं आहे की लोड बेअरिंगचं (सगळा भार भिंतींवर घेणारं), हेही विचारा. लोड बेअरिंग असेल तर ‘वर मजला चढवता येतो’ या बोलण्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप झालेला हा जिल्हा आहे. खिडक्यांच्या वरचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरलाय की तेवढ्या खिडकीपुरताच आहे, हे नकाशात नक्की बघा.

आता पाणी. 2016 साली याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर चालणार नाही. नळाला किती दिवसाआड येतं आणि किती वेळ? बोअर किती फूट, मे महिन्यात मोटर किती वेळ चालते? हे मालकापेक्षा शेजारच्या बायकांना विचारा, खरं उत्तर तिथं मिळतं. बोअरचा भरवसा शेजाऱ्याच्या बोअरवरून धरू नका. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये असतं, त्याच्यापासून वीस फूट अंतरावर घेतलेला बोअर कोरडा निघू शकतो.

हौदाचं गणित करून ठेवा. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि माणशी रोज 135 लिटर लागतात असं धरलं तर पाच माणसांना 5,400 लिटर लागतात. 6 बाय 6 फुटांचा, 5 फूट खोल हौद साधारण 5,100 लिटरचा होतो, म्हणजे थोडा कमीच पडतो. हौद गळतो का हे बघायला मालकाला संध्याकाळी पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारायला सांगा. मोटर आणि नळ बंद ठेवून सकाळी बघा. रेघेच्या खाली दोन-चार बोटं पाणी उतरलं असेल तर पाणी वाया जातंय एवढाच प्रश्न नाही. तेच पाणी पायाजवळच्या काळ्या मातीत मुरून तिला एका बाजूनं फुगवतं आणि आधी सांगितलेल्या तिरक्या भेगा तिथूनच सुरू होतात. सेप्टिक टँक हौदाला लागून असेल तर मी सरळ नको म्हणेन.

मग गच्चीवर जा. कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) नाण्यानं ठोका, पोकळ वाजला तर खालचा थर सुटलाय. छताला खालून तांबूस रेघा म्हणजे सळई गंजलीय. चौकटींचे खालचे कोपरे टोचून बघा, वाळवी तिथं पहिली लागते.

कागदांत सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी मागा. ‘भोगवटादार वर्ग 2’ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मराठवाड्यात इनामाच्या जमिनींची भानगड जास्त आहे. 1948 पर्यंत आपण निजामाकडं होतो, जुनं रेकॉर्ड उर्दूत आहे, म्हणून तीस वर्षांचा सर्च (मालकी आणि बोजाच्या नोंदींचा तपास) इथल्याच वकिलाकडून घ्या. अकृषिक आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र हवंच. प्लॉट गुंठेवारीतला (मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला) असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र आणि पैसे भरल्याची पावती बघा. शंभरच्या बॉण्डवर नोटरी केलेली खरेदी ही खरेदीच नव्हे. घर गावाच्या हद्दीत असेल तर नमुना नंबर आठ दाखवतील, पण तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. टेप घेऊन प्लॉट मोजा. खरेदीखत, परवाना आणि टेप यांचे आकडे जुळत नसतील तर वाढीव बांधकाम कुठं आहे ते विचारा.

पैसे रोख असले तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जासाठी फाइल टाका. त्यांचा वकील आणि इंजिनिअर दोघंही तपासतात. इसार चेकनंच द्या आणि इसारपावतीत एक ओळ घालून घ्या: बँकेनं कागदांवरून कर्ज नाकारलं तर इसार पंधरा दिवसांत परत. मालक या ओळीला नाही म्हणाला तर त्याचं कारण विचारा, आणि ते पटल्याशिवाय चेक लिहू नका.