खानापूर ते मेंडोझा

प्रश्न : मी आणि मैत्रीण पाठीवर सॅक टाकून मार्चमध्ये अर्जेंटिनातल्या मेंडोझाला जातोय. काय सांभाळावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मार्च म्हणजे द्राक्षतोडणी, वेळ उत्तम साधलीत! शहर आपल्या बेळगावाइतक्याच उंचीवर, ७५० मीटरच्या आसपास. पाऊस मात्र वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. म्हणून अँडीजच्या बर्फाचं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या पाटांतून झाडांना देतात. माझा मित्र मोबाइल बघत चालला आणि थेट पाटात! गुडघा आठवडाभर सुजलेला. शहराजवळच्या मायपूत, द्राक्षमळ्यांच्या भागात, सायकल भाड्यानं घ्या. माल्बेक या तिथल्या रेड वाइनच्या दुसऱ्या ग्लासानंतर ती हातात धरून चाला. चिलीच्या सँटियागोहून दिवसाच्या बसनं या. त्या घाटाची वळणं पाहिलीत की आपला चोर्ला सपाट वाटेल. अकोंकाग्वा हे अँडीजचं शिखर, ६,९६१ मीटर, खालूनच बघा.