प्रोटीन पावडरीने थकवा आणि उदासी जाते का?

दुधाच्या प्रथिनांची पावडर घेतली की थकवा पळतो आणि मन प्रसन्न राहते, असे ऐकून ती सुरू करणारे आणि पुढे ‘मला गुण का येत नाही’ किंवा ‘हिच्यामुळेच चिडचिड होते का’ असे विचारणारे बरेच जण समुपदेशनासाठी येतात. त्यांपैकी एका बाईंची हकिकत, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे देत आहे.

त्या चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या. अंग गळून जाते, लहानसहान गोष्टींवरून रडू येते, म्हणून त्यांनी व्हे पावडर (दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पावडर) सुरू केली होती. सुरुवातीला हुशारी वाटली, नंतर थकवा पूर्वीपेक्षा वाढला. ‘मॅडम, प्रमाण दुप्पट करू की बंदच करू?’ असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची अपेक्षा अगदीच निराधार नव्हती. व्हेमधील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल भरपूर असते व त्यापासून मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन तयार होते. हे प्रथिन वेगळे काढून दिल्यावर, ताण चटकन जाणवणाऱ्या व्यक्तींची मनःस्थिती काहीशी सुधारल्याचे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. मात्र नेहमीच्या व्हे पावडरीत ल्यूसीनसारखी इतर अमिनो आम्लेही मुबलक असतात आणि मेंदूत शिरताना ती ट्रिप्टोफॅनशी स्पर्धा करतात, त्यामुळे पावडर दुप्पट घेतल्याने सेरोटोनिन वाढेल असे मानता येत नाही. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. आहारात ती कमी पडत असतील तर भरून काढणे योग्यच, पण गरज भागल्यावर जास्तीच्या पावडरीतून उत्साह मिळण्याची आशा मी कुणाला देत नाही.

मी त्यांना सकाळचा पहिला तास बारकाईने सांगायला लावला. उठल्या उठल्या त्या पावडर दुधात घुसळत आणि त्याच घोटाबरोबर थायरॉइडची गोळी घेत. ‘रिकाम्या पोटीच घेते, शेक म्हणजे काही खाणे नव्हे,’ असे त्यांनी अगदी सहज सांगितले. दुधामुळे आणि विशेषतः त्यातील कॅल्शियममुळे ही गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. औषधाविषयीचा निर्णय माझ्या अखत्यारीतला नाही, म्हणून त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायला सांगितले. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक, वाढलेले निघाले; थकव्याचे एक कारण तिथे होते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर आणि पावडर थेट दुपारी, असे डॉक्टरांनी ठरवून दिले व सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले.

फेरतपासणीत आकडा खाली आला आणि दुपारची ग्लानीही बरीच ओसरली. रडू येणे मात्र थांबले नाही. त्याविषयी विचारले तेव्हा त्या वडिलांच्या मृत्यूबद्दल पहिल्यांदाच बोलल्या. तोवर घरच्यांनीही सारे थकव्यावर ढकलले होते. आता आमची सत्रे त्या दुःखाविषयी चालू आहेत. पावडर त्यांनी सोडलेली नाही, पण ती त्या दुपारच्या आहाराचा भाग म्हणून घेतात.